एका घराची नोंद, दोन बाजूंनी वाचन: कुटुंबावरचा प्रकल्प नागपुरात कसा करावा

समाजशास्त्राच्या प्रकल्पात ‘कुटुंब: स्त्रीवादी आणि परंपरावादी दृष्टिकोन’ हा विषय वाट्याला आला की बहुतेक विद्यार्थी एकच गोष्ट करतात. वीस विधानांची प्रश्नावली छापतात. ‘स्त्रीने नोकरी करावी का’, ‘एकत्र कुटुंब चांगलं की विभक्त’, समोर सहमत-असहमतचे रकाने. मोहल्ल्यातल्या पन्नास जणांकडून ती भरून घेतात, टक्केवारी काढतात, गोल आलेख चिकटवतात आणि निष्कर्ष लिहितात. एवढ्या मेहनतीतून कुटुंबाबद्दल जवळजवळ काहीच हाती लागत नाही. अनोळखी पोरासमोर काय बोललेलं शोभतं, हे तेवढं कळतं.

या दोन दृष्टिकोनांचं भांडण सुरू होतं ते मोजमापापासून. परंपरावादी अभ्यासक घर हा एक नग धरतो: घर टिकतं का, लेकरं नीट वाढतात का, म्हातारी माणसं सांभाळली जातात का. स्त्रीवादी अभ्यासक त्याच घराचं दार उघडून आतली माणसं एकेक करून मोजते: कोण किती वेळ राबलं, पैसा कोणाच्या हातात, घर कोणाच्या नावावर. म्हणून प्रकल्पासाठी मतं गोळा करू नका. घराची अशी नोंद तयार करा, जिच्यावर दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं सिद्ध करावं लागेल. चार घरं, प्रत्येक घराचे दोन दिवस, एवढं एका सत्रात एका विद्यार्थ्याला नीट जमतं.

आधी दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडा

परंपरावादी बाजू लिहिताना चूक शब्दापासूनच सुरू होते. पुस्तकात ‘रूढिवादी’ छापलेलं असतं, विद्यार्थी ते ‘मागासलेले’ असं वाचतात आणि सगळं प्रकरण टिंगलीच्या सुरात जातं. ‘परंपरावादी’ हा शब्द वापरा आणि त्यांचा मूळ प्रश्न लिहा: सरकारला आणि बाजाराला जे जमत नाही, असं कुटुंब काय करतं? फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लुई द बोनाल्डने १८०१ मध्ये घटस्फोटाविरुद्ध लिहिलं ते याच काळजीने, आणि १८१६ मध्ये फ्रान्सने घटस्फोटाची तरतूद काढूनही टाकली. त्याच्या नंतरचा फ्रेदेरिक ल प्ले तर तुमच्या थेट कामाचा आहे. हा खाणींचा अभियंता. त्याने युरोपभरच्या कामगार घरांचा वर्षाचा जमाखर्च बारकाईने मांडला आणि १८५५ मध्ये अशा ३६ कुटुंबांचे अभ्यास छापले. वडिलोपार्जित मालमत्ता सगळ्या मुलांत सारखी वाटण्याच्या कायद्यामुळे घरं विस्कटतात, एका वारसाने घर चालवावं, असं त्याचं म्हणणं. ते पटो न पटो, एका घरात बसून वही मांडायची ही रीत समाजशास्त्राला त्याने लावली. पुढे स्त्रीवाद्यांनी तीच रीत घेतली आणि वहीत नवे रकाने आखले.

विसाव्या शतकात अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉकने १९४९ मध्ये २५० समाजांच्या माहितीवरून कुटुंबाची चार कार्यं सांगितली: लैंगिक, आर्थिक, प्रजननाचं आणि शिक्षणाचं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टाल्कॉट पार्सन्सने १९५० च्या दशकात ती दोनवर आणली: मुलांचं प्राथमिक सामाजीकरण आणि मोठ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचं स्थैर्य. कमावणाऱ्या नवऱ्याची भूमिका साधनात्मक, घर सांभाळणाऱ्या बायकोची भावाभिव्यक्तीची, आणि दोन्ही एकमेकींना पूरक. इथे एक सावधगिरी हवी. पार्सन्स प्रकार्यवादी आहे, म्हणजे कुटुंब समाजासाठी कोणतं काम करतं ते पाहणारा, आणि प्रत्येक प्रकार्यवादी राजकारणाने परंपरावादी नसतो. १९८० च्या दशकातले नव-उजवे, उदाहरणार्थ १९८४ मध्ये लिहिणारा चार्ल्स मरे, सरकारी मदतीने कुटुंबाची जबाबदारी सैल होते असं सांगतात. हा वेगळा युक्तिवाद आहे, त्याला पार्सन्सच्या खात्यात टाकू नका.

अमेरिकेतला मरे उचलून नागपूरच्या महाल भागातल्या घरावर चिकटवणं ही त्याहून मोठी चूक. नागपुरात परंपरावादी विचाराचं स्वतःचं घराणं आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथेच १९२५ मध्ये स्थापन झाला. राष्ट्र सेविका समिती लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्याला सुरू केली. मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहिल्याबाई आणि नेतृत्वासाठी राणी लक्ष्मीबाई हे तिचे आदर्श. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. या मांडणीची सुरुवात करदात्याच्या पैशापासून होत नाही. ती संस्कारांपासून आणि सगळ्यांनी मिळून जेवण्यापासून होते. तुमच्या घरांमध्ये हाच युक्तिवाद ऐकू येईल, तेव्हा तपासायचा तोच.

स्त्रीवादी बाजूही परदेशातून सुरू करायची गरज नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुषांची तुलना मांडली, तेव्हा हा शब्दही आपल्याकडे नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा कशा वापरल्या गेल्या, हे दाखवलं. म्हणजे घराच्या आतला बायकांवरचा पहारा आणि बाहेरची जातव्यवस्था ही एकाच दोरीची दोन टोकं झाली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथे बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असं सांगितलं आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभं राहावं असंही. नागपूरच्या विद्यार्थ्याने हा संदर्भ गाळला तर ते प्रकरण अर्धंच राहतं.

बाहेरच्यांपैकी चौघी पुरेशा आहेत. क्रिस्तीन देल्फी (१९७०): घरकामात एकाची मेहनत दुसरा वापरतो, म्हणून ते आर्थिक नातं आहे. अ‍ॅन ओकली (१९७४): घरकाम हे काम म्हणून अभ्यासा, तिने लंडनमधल्या ४० गृहिणींना विचारलं, सरासरी आठवड्याला ७७ तास निघाले. मिकाएला दी लिओनार्दो (१९८७): सणवार, भेटीगाठी, आठवणीने केलेले फोन हेही काम, आणि ते बायकाच करतात. सिल्व्हिया वॉल्बी (१९९०): पितृसत्ता सहा जागी बसलेली असते, घर त्यातली एक. ओकलीचे ७७ तास आपल्या आकड्याशेजारी ठेवण्याचा मोह होतो. तिच्या सगळ्या बायकांना पाच वर्षांखालचं निदान एक मूल होतं, हे विसरलात तर तुलना फसते. ‘स्त्रीवाद’ एकच धरून लिहिणं ही इथली नेहमीची गफलत. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल आणि दलित स्त्रीवादी, प्रत्येकीला एक वाक्य आणि तिचा घराला विचारायचा एक प्रश्न द्या. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या भूमिकेतून जी मांडणी केली, तिचा प्रश्न नागपुरात लगेच समोर येतो: या घरातली भांडी घासायला जी येते, तिच्या स्वतःच्या घरातली कोण घासतं?

घरं निवडणं आणि आत जाणं

चार घरं एकसारखी नकोत. एक असं, जिथे दोन पिढ्या एका चुलीवर जेवतात. एक असं, जिथे नवराबायको दोघं नोकरीला जातात. एक घर, जिथली बाई चार घरी धुणीभांडी करते. आणि एक, जिथे कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे. चारही घरं धरमपेठेच्या एकाच गल्लीतली किंवा सगळी आपल्याच जातीतली निघाली तर थांबा आणि पुन्हा निवडा. स्वतःचं घर आणि नातलगांची घरं वगळा. तिथे तुम्हाला उत्तरं आधीच माहीत असल्यासारखी वाटतात आणि तुम्ही विचारतच नाही.

प्रत्येक घरी तीन खेपा धरा: पहिली ओळखीची आणि संमतीची, दुसरी कामाच्या दिवसाच्या नोंदीची, तिसरी रविवारच्या नोंदीची. नोंद ज्या दिवसाची, त्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं. उन्हाळ्यात दुपारी २ ते ४ जाऊ नका, तो बायकांना टेकायला मिळणारा एकमेव वेळ असतो आणि तुम्ही तोच खाता. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. नाव लिहायचं नाही, ‘घर १’, ‘घर २’ एवढंच. गल्लीचं नावही नको. छोट्या वस्तीत ‘शिक्षिका, नवरा वीज केंद्रात’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतं.

जोडीने जा, एक मुलगा आणि एक मुलगी. नवऱ्याशी समोरच्या खोलीत बोलणं चालू असताना बाईशी स्वयंपाकघरात वेगळं बोलता येतं. दोघांना एकत्र बसवलंत तर दोघांच्या नावाने एकच उत्तर मिळेल, आणि ते बहुधा नवऱ्याचं असेल.

कुटुंबात कोण कोण, हे आधी ठरवा

‘घरात किती माणसं?’ हा प्रश्न सोपा वाटतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा, आणि आपसात ठरावीक नातं. या खुणा एकत्र न विचारता एकेक विचारा. नागपुरात दुमजली घरात खाली आईवडील, वर मुलगा-सून असं नेहमी दिसतं. छप्पर एक, चुली दोन, देव खाली, गावाकडची शेती अजून आजोबांच्या नावावर. हे कुटुंब एकत्र की विभक्त? समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये घरकुल (एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं) आणि कुटुंब वेगळं धरायला सांगितलं ते याचसाठी. प्रत्येक खुणेपुढे होय किंवा नाही लिहा आणि तसंच ठेवा, जबरदस्तीने एका खान्यात बसवू नका. ‘एकत्र कुटुंब मोडत चाललं’ हा परंपरावादी निष्कर्ष आणि ‘सुनेने वेगळी चूल मिळवली’ हा स्त्रीवादी निष्कर्ष, दोन्ही नेमक्या कोणत्या खुणेवर उभे आहेत ते यातून कळतं.

अठ्ठेचाळीस चौकोन

आता मुख्य काम. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आदल्या दिवशीच्या पहाटे ४ पासून विचारायला येतात त्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतचे २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतं. तीच चौकट घ्या: ४८ चौकोन, घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची एक ओळ. प्रत्येक चौकोनात मुख्य काम शाईने लिहा. त्याच वेळी दुसरं काही चालू असेल तर चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिरपी रेघ मारून ते लिहा. या तिरप्या रेघांशिवाय नोंद निरुपयोगी आहे.

पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही जी, घरीच राहते मी.’ ते लिहून घ्या, कारण तोही एक निष्कर्ष आहे. मग वेळेवरून विचारू नका, कामावरून विचारा. ‘नळ किती वाजता आला?’ ‘डबा किती जणांचा होता?’ ‘कुकर लावला तेव्हा लहाना उठला होता का?’ ‘शेवटी कोण जेवलं?’ अशा प्रश्नांनी दिवस आपोआप उलगडतो. मे महिना असेल तर कूलर विसरू नका. साठ लिटरची टाकी म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या, पाणी कमी असेल त्या दिवशी हाताने भरायच्या, आणि ते कोणी भरलं हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. उन्हाळ्यातले पापड-कुरडया-सांडगे, गच्चीवर राखण, सगळं चौकोनात आलं पाहिजे.

नमुना म्हणून एक घर मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. नवरा हिंगणा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सकाळी ७ ते दुपारी ३.३०. बायको घर सांभाळून शिवणकाम करते. तिचा मंगळवार असा भरला: झोप १३ चौकोन, घरकाम १७, मुलांची आणि सासूची देखभाल ५, शिवण ४, स्वतःचं आवरणं आणि जेवण ४, टीव्ही ५. बेरीज ४८. त्याचा: झोप १४, नोकरी १७, जाणं-येणं ४, घरकाम १, मुलं १, आवरणं-जेवण ५, टीव्ही-मोबाइल ६. बेरीज ४८. दर माणशी ४८ आलेच पाहिजेत. नाही आले तर तिथेच बसून चौकोन पुन्हा विचारा, घरी येऊन अंदाजाने भरू नका.

आता कामाची बेरीज करा. तिचे १७, ५ आणि ४ मिळून २६ चौकोन, म्हणजे १३ तास. त्याचे १७, ४, १ आणि १ मिळून २३, म्हणजे साडेअकरा. परंपरावादी इथे म्हणेल, फरक दीड तासाचाच, दोघंही राबतात, कामाची वाटणी पूरक आहे; आणि मंगळवारच्या नोंदीवर हे म्हणणं खोडणं सोपं नाही. मग पेन्सिलीच्या रेघा पाहा. तिच्या टीव्हीच्या ५ पैकी ३ चौकोनांत तिरपी रेघ आहे: मेथी निवडणं, उद्याच्या गणवेशाला इस्त्री, सासूचे पाय चेपणं. मग रविवार काढा. त्याचे नोकरीचे आणि जाण्यायेण्याचे २१ चौकोन शून्यावर येतात. तिचे १७ कमी होतात का वाढतात, यावर तुमचा प्रकल्प उभा आहे. म्हणून रविवारची खेप कधीच वगळू नका.

तिरप्या रेघा मुख्य बेरजेत मिसळायच्या नाहीत. मिसळल्या तर तिचा दिवस साडेपंचवीस तासांचा होतो आणि तपासणारा पहिल्याच पानावर तुम्हाला पकडतो. त्या वेगळ्या रकान्यात ठेवा.

पैसा आणि नाव

ल प्लेची वही इथे उघडायची. महिन्याची आवक कोणाकडून किती, खर्च कोण ठरवतं, उधारी कोणाला माहीत आहे. वर्षभराचं विचारताना महिन्याच्या आकड्याला बाराने गुणू नका; शाळेची फी, लग्नांचे अहेर, दिवाळी आणि दवाखाना यांचे महिने वेगळे असतात, ते नावाने विचारा. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये येत असतील तर रक्कम विचारून थांबू नका. एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात, पिन कोणाला ठाऊक, गेल्या वेळी काढलेले पैसे कशाला गेले. सरकारी पैशाने कुटुंबाची जबाबदारी सैल होते हा नव-उजव्यांचा दावा, आणि स्वतःच्या खात्याने बाईचं वजन वाढतं हा स्त्रीवाद्यांचा, दोन्ही या तीन प्रश्नांवर तपासले जातात.

नावाची नोंद कागदावरून करा. शहरातल्या घराची आखीव पत्रिका, नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) भूखंडाचं पत्र म्हणजे आरएल, मनपाच्या घरटॅक्सची पावती, गावाकडचा सातबारा, झोपडपट्टीत पट्टा. कागद मागू नका, ‘कोणाच्या नावावर आहे’ एवढं विचारा; दाखवला तर पाहा, फोटो काढू नका.

हक्कसोडपत्राबद्दल मात्र नक्की विचारा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हेही स्पष्ट केलं. तरी घरोघरी बहिणी सही करून वाटा सोडतात. तीन गोष्टी लिहून घ्या: कागद कोणी आणला, सही कधी झाली, आणि त्यानंतर माहेराहून दरवर्षी काय येतं. परंपरावादी वाचन असं की वाटा सोडल्याने जमीन तुकडे न होता राहिली आणि माहेरचं दार उघडं राहिलं. स्त्रीवादी वाचन असं की ज्या दाराची किंमत मोजावी लागते, ते दार तिचं नव्हतंच. दोन्ही लिहा. मग त्याच बहिणीला विचारा, अडचणीच्या वेळी माहेरी किती दिवस राहता येईल. तिचं उत्तर दोन्ही वाचनांच्या खाली तिच्याच शब्दांत ठेवा.

सरकारी आकडे वापरताना

वेळेच्या वापराच्या २०१९ च्या सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं देतात, हा आकडा सगळीकडे फिरतो. २०२४ मध्ये तो २८९ आणि ८८ झाला. तो चुकीचा वाचला जातो. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. २०१९ मध्ये ते काम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. २९९ ला ०.८१२ ने गुणा, २४३ मिनिटं. ९७ ला ०.२६१ ने गुणा, २५ मिनिटं. म्हणजे सगळ्या पुरुषांची सरासरी २५ मिनिटं. ‘भारतीय पुरुष रोज दीड तास घरकाम करतो’ असं वाक्य प्रकल्पात आलं तर ते या गफलतीतून आलेलं असतं. आणि चार घरांची सरासरी काढून ती देशाच्या आकड्याशी ताडू नका. चार घरं नमुना सर्वेक्षण होत नाहीत, तो घराचा सखोल अभ्यास आहे, त्याला तसंच म्हणा.

एकच प्रसंग, दोन वाचनं

प्रत्येक घरातला एक प्रसंग जवळून लिहा. भाद्रपदात विदर्भात महालक्ष्म्या बसतात. आवाहन, पूजन, विसर्जन असे तीन दिवस, मधल्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील आणि पन्नास-साठ पानं. हा दिवस मिळाला तर सोडू नका. लिहायचं असं: मुखवटे कोणी काढले, सोळा भाज्यांची यादी कोणाच्या डोक्यात होती, आमंत्रणाचे फोन कोणी केले, पुरण किती किलो डाळीचं आणि कोणी वाटलं, पहिली पंगत कोणाची, शेवटची कोणाची, भांडी कधी संपली. पुण्याहून आलेला धाकटा भाऊ आणि त्याची मुलं घरात कशी मिसळली, म्हाताऱ्या आजीच्या हाताने आरती कशी झाली, हेही तितक्याच तपशिलाने.

मग परंपरावादी वाचन: वर्षभर विखुरलेलं घर तीन दिवस एक झालं, मुलांनी न शिकवता शिकलं, आजीला तिची जागा मिळाली. हे नुसतं भावुक विधान नाही, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमपासूनचा विधी आणि एकोप्याचा सिद्धांत त्याच्यामागे आहे. स्त्रीवादी वाचन: हा एकोपा कोणाच्या चौकोनांतून उभा राहिला? यादी डोक्यात ठेवणं हे काम कुठल्या ओळीत लिहिलं? इथे घाईघाईने बाईला बिचारी ठरवू नका. डेनिझ कांदियोती हिने १९८८ मध्ये दाखवलं की बायका पितृसत्तेशी सौदाही करतात. आज सुनेने उपसलेले कष्ट उद्या सासू म्हणून हुकूम चालवण्याच्या आशेवर असतात. थोरल्या सुनेला विचारा, ‘पुढच्या वर्षी नाही बसवल्या तर?’ तिचा चेहरा आणि तिचं वाक्य दोन्ही लिहा.

अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेलं घर दोन्ही बाजूंची खरी परीक्षा घेतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सांभाळाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि नातवंडांवर टाकली आहे. ‘मुलं’ या व्याख्येत सून नाही. आता तुमच्या ४८ चौकोनांत पाहा, बेडपॅन, औषधं आणि कूस बदलणं कोणाच्या ओळीत आहे. पण त्याच घरात स्त्रीवादी बाजूलाही विचारा: ही सेवा घराने केली नसती तर कोणी केली असती, आणि पगारी बाई ठेवली तर तिच्या घरातला म्हातारा कोणाकडे? तिसऱ्या घरातली धुणीभांडीवाली बाई नेमकी हीच आहे. तिच्या दिवसात स्वतःच्या घरकामाचे चौकोन पहाटे ४ आणि रात्री ९ नंतर सापडतात.

प्रत्येक वाचनाखाली एक ओळ सक्तीने लिहा: ‘या घरात काय दिसलं असतं तर हा दृष्टिकोन चुकीचा ठरला असता?’ ही ओळ लिहिता आली नाही, तर तुम्ही दृष्टिकोन वापरलेला नाही, नुसता त्याचा शिक्का मारला आहे.

एक काळजी

बोलता बोलता मारहाणीची गोष्ट निघू शकते. तुम्ही ती खोदू नका, आणि चौकोनांच्या कागदावर लिहू नका, कारण तो कागद नवरा पाहू शकतो. बाई बोलली तर ऐका, कोणासमोरही उल्लेख करू नका, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे आकडे तोंडी सांगा. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, हेही. लेखी नंबर तिच्या हातात देऊ नका, तिने मागितला तरच द्या. मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळवा, घराची ओळख न सांगता.

लिहायला बसल्यावर

साठ पानांच्या प्रकल्पात सिद्धांताला बारा-पंधरा पानं पुरतात. चार घरांना प्रत्येकी आठ, दोन्ही वाचनं एकमेकांशेजारी. उरलेल्या पानांत पद्धत, अडचणी आणि कोरे फॉर्म. ‘विश्लेषण’ या नावाचं वेगळं प्रकरण काढून घरांपासून तोडू नका. वाचन घरापासून लांब गेलं की पुन्हा मतं सुरू होतात. बायकांची वाक्यं त्यांच्याच बोलीत ठेवा. ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिला’ हे प्रमाण मराठीत बदललं तर माणूस बदलतं.

सादर करण्याआधी एकदा प्रत्येक घरी परत जा. त्या घराच्या ४८ चौकोनांची स्वच्छ प्रत, नाव नसलेली, सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक, बाईच्या हातात द्या आणि विचारा, काही राहिलं का. बहुतेक वेळा ती रविवारच्या दुपारच्या एखाद्या चौकोनावर बोट ठेवते आणि तिथलं ‘आराम’ खोडायला सांगते. तो चौकोन तिच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्त करा, आणि आधी काय लिहिलं होतं तेही तळटिपेत ठेवा.